वर्ध्याचे परदेशी सेवक

आपला देश सोडून परक्या मुलखात जावे, तेथील एखाद्या खेड्यात मुक्काम करावा, गावकऱ्यांबरोबर शेतात आणि उकिरड्यावर राबावे आणि ह्या श्रमाबद्दल एका पैचीही अपेक्षा ठेवू नये, ही कल्पना हल्ली सुशिक्षित तरुणांत बरीच लोकप्रिय झाली आहे. जमीन, पाणी आणि झाडझाडोरा सांभाळण्याचे व्रत घेतलेली गावोगावची मंडळे अशा पाहुण्यांना आमंत्रण देतात. तिकडची मुले इकडे येतात, इकडची तिकडे जातात. ज्या घरातून असा एखादा मुलगा अथवा मुलगी निघते, त्या घरच्या वडील माणसांच्या मनात एक शंका साहजिकच येते. ज्या गावची भाषा ह्याला येत नाही, जेथील माती ह्याने कधी हातात घेतली नाही, तेथे जाऊन हा त्या लोकांच्या कोणत्या उपयोगी पडणार? शंका रास्त आहे, आणि तिचे उत्तर शोधण्यासाठी फार लांब जाण्याचेही कारण नाही. आपल्याच विदर्भात, वर्धा जिल्ह्यात, हा प्रयोग सुमारे नव्वद वर्षांपूर्वी झाला, आणि तो करणारी माणसे साधी नव्हती.

विनावेतन परदेशसेवेची ही चाल मुळात युद्धाच्या राखेतून निघाली. पिएर सेरेसोल नावाच्या एका स्विस अभियंत्याने १९२० साली, पहिल्या महायुद्धात उद्ध्वस्त झालेल्या व्हर्दूनजवळच्या एका फ्रेंच खेड्यात, निरनिराळ्या देशांचे सोबती घेऊन घरे उभी करण्याचे काम आरंभिले. बंदुकीऐवजी फावडे, एवढेच त्याचे सूत्र होते. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारात भयंकर भूकंप झाला, तेव्हा हाच सेरेसोल समुद्र ओलांडून आला आणि मुझफ्फरपूरच्या बाजूला, मोडलेल्या गावांची पुन्हा वसाहत करण्याच्या कामास लागला. मात्र पडलेले घर उभे करणे आणि उभ्या असलेल्या गावाचे जीवन बदलणे, ही दोन कामे एका जातीची नव्हेत. पहिल्या कामात गावकऱ्याला आपली गरज आधीच कळलेली असते. दुसऱ्यात ती बहुधा पाहुण्यालाच जास्त कळलेली असते! सारी अडचण येथे आहे, आणि वर्ध्याला ती फार लवकर अनुभवास आली.

वर्ध्यास परदेशी माणूस प्रथम आला तो सेवेसाठी नव्हे, कापसासाठी. १८६२ साली नागपूरपासून तोडून हा जिल्हा वेगळा करण्यात आला, १८६६ साली पालकवाडी ह्या खेड्याच्या जागी वर्धा शहर वसविण्यात आले आणि पाठोपाठ आगगाडी आली. हिंगणघाटच्या कापसाची कीर्ती परदेशच्या बाजारपेठांपर्यंत पोहोचलेली होती. ह्या काळ्या जमिनीतून पीक निघे ते गाठोड्यात बांधून बाहेर जाई, आणि गावाच्या वाट्यास सावकाराची वही राही. १९३४ साली सेठ जमनालाल बजाज ह्यांच्या आग्रहावरून महात्माजी वर्ध्यास राहावयास आले, तेव्हा त्यांच्यापुढे असलेला जिल्हा हा असा होता. त्याच वर्षीच्या डिसेंबरात अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली आणि जमनालालजींनी आपली बाग व बागेतले घर संघास देऊन टाकले. मगनलाल गांधी ह्यांच्या स्मरणार्थ त्या जागेस मगनवाडी हे नाव पडले.

संघाचे चिटणीस होते डॉ. जे. सी. कुमारप्पा. तंजावरकडचे हे गृहस्थ लंडनमध्ये हिशेबतपासनीस झाले आणि न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात त्यांनी राजस्वशास्त्राचा अभ्यास केला. परदेशी सेवकांच्या ह्या गोष्टीत त्यांची जागा कोणती, असे कोणी विचारील. सांगण्यासारखी गोष्ट अशी की, वर्ध्यास येणाऱ्या परदेशीयांस जे शिकावयाचे होते ते बहुतांशी कुमारप्पांच्या हिशेबाच्या वहीत होते.

तो हिशेब थोडक्यात असा. निसर्गात दोन प्रकारची संपत्ती आहे. दगडी कोळसा, खनिज तेल, धातूंचे दगड ही साठ्याची संपत्ती. जितकी उपसाल तितकी उणी होणार, आणि ती उणी होऊ लागली की तिच्यासाठी राष्ट्रे एकमेकांच्या उरावर बसणार. रानातले लाकूड, शेतातले धान्य, झाडाचा रस ही प्रवाहाची संपत्ती. जपून घ्याल तर पुढच्या साली पुन्हा हजर. ज्या समाजाचा संसार साठ्यावर चालतो तो आज ना उद्या खणखणाटास पोहोचणार, प्रवाहावर चालणारा टिकणार. १९४२ च्या चळवळीनंतर जबलपूरच्या तुरुंगात असताना कुमारप्पांनी हा विचार ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’ ह्या ग्रंथात मांडला. तो १९४५ सालचा. पुढे १९७३ मध्ये शूमाखर ह्या अर्थशास्त्रज्ञाचे ‘स्मॉल इज ब्यूटिफुल’ हे पुस्तक जगभर गाजले, त्यात कुमारप्पांचा आधार नाव घेऊन दिलेला आहे. आज पर्यावरणाच्या परिषदांतून जी भाषा ऐकू येते तिचा बराचसा भाग मगनवाडीच्या आंब्याखाली बोलून झालेला होता, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

आणि ही नुसती भाषा नव्हती. तेलाच्या घाण्याचे उदाहरण घ्या. गावात तीळ, जवस, भुईमूग पिकतो. तो गिरणीत गेला की तेल डब्यातून परत येते, परंतु पेंड येत नाही. पेंड नाही म्हणजे बैलास पोषण नाही. बैलाचे शेण निकस, म्हणून शेताचे खत निकस. आणि तेल्याच्या घरी चूल बंद. एका घाण्याच्या जाण्याने चार ठिकाणी भोक पडते. म्हणून मगनवाडीत झवेरभाई पटेल ह्यांनी जुन्या घाण्यात सुधारणा करून, बैलाचे कष्ट कमी व तेलाचा उतारा जास्त, असा नवा घाणा तयार केला. तो वर्धा घाणा ह्या नावाने हिंदुस्थानभर गेला. रॉकेलच्या कंदिलाला उत्तर म्हणून मगनदीप निघाला; त्यात गावचेच तेल जळे. गजानन नाईक ह्यांनी ताड व शिंदीच्या नीरेचा गूळ करण्याची कला शिकविली. उसाला उत्तम जमीन आणि पाणी लागते. शिंदी मात्र माळरानावर कोणी न लावता उगवते. मग गोडासाठी धान्याची जमीन का अडवावी, हा त्यामागचा विचार. ३० डिसेंबर १९३८ रोजी मगन संग्रहालय उघडण्यात आले, त्यात ही सारी साधने मांडली होती. संग्रहालय म्हटले म्हणजे मेलेल्या वस्तूंची जागा असा आपला समज असतो. येथे उद्या वापरावयाच्या वस्तू ठेवल्या होत्या.

आता पाहुण्यांकडे वळू. त्यांत अग्रपूजेचा मान मीराबेनचाच. मॅडेलिन स्लेड ही ब्रिटिश आरमारातील एका अडमिरलची मुलगी. रोमाँ रोलाँ ह्या फ्रेंच साहित्यिकाकडून तिला गांधींचे नाव प्रथम कळले, त्याचे पुस्तक वाचून तिने हिंदुस्थानात येण्याचे ठरविले आणि आगबोटीचे तिकिटही काढून टाकले. आता ह्या पुढची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. तिकीट काढल्यावर तिच्या ध्यानात आले की आपली काहीच तयारी नाही, आणि तिने प्रवास एक वर्ष पुढे ढकलला. त्या वर्षात ती सूत कातावयास शिकली, मांसाहार सोडला, जमिनीवर निजण्याची सवय केली, उर्दूचे धडे घेतले आणि उन्हाळ्यात स्वित्झर्लंडमधील शेतकऱ्यांबरोबर शेतात राबली. दरम्यान तिने गांधीजींना पत्र लिहिले. आश्रमात प्रत्येकास अंगमेहनत करावी लागते आणि येथील हवापाणी सोसणे सोपे नाही, असा इशारा त्यांनी उत्तरात दिला. नोव्हेंबर १९२५ मध्ये ती साबरमतीस पोहोचली आणि मीरा झाली.

दहा वर्षांनी, १९३५ च्या सुमारास, मगनवाडीजवळच्या सिंदी गावात तिची खरी परीक्षा झाली. गावचे रस्ते हेच गावचे शौचकूप होते. महादेवभाई देसाई, मीराबेन आणि इतर सोबती रोज पहाटे बादल्या व फावडी घेऊन जात, रस्त्यावरचा मैला उचलीत आणि खड्ड्यात पुरून त्यावर माती लोटीत. मैल्याचे खत होते, ते शेतकऱ्यास फुकट मिळेल, असेही सांगत. हे महिनोन् महिने चालले. गावकरी पाहात राहिले, आणि दुसऱ्या दिवशी रस्ता पुन्हा तसाच. इंग्रज अडमिरलची कन्या आपला मैला उचलते ह्याने गावचे मन हेलावून जाईल, असे आपणा शहरातील लोकांस वाटते. परंतु गावाच्या दृष्टीने हे काम करणारी जात हजारो वर्षे ठरलेलीच होती. तीत आणखी दोनचार माणसांची भर पडली, इतकेच. दोष गावकऱ्यांच्या अंतःकरणाचा म्हणण्यापेक्षा त्या व्यवस्थेचा होता, आणि ती व्यवस्था बादलीने उपसली जाण्यासारखी नव्हती.

सिंदीहून मीराबेन वर्ध्यापासून पाच मैलांवरील सेगावास जाऊन राहिली. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजीही तेथे गेले. पुढे शेगाव नावाच्या दुसऱ्या गावाशी घोटाळा होऊन टपाल चुकू लागले, म्हणून १९४० मध्ये सेगावचे सेवाग्राम झाले. तेथील घरे कशी बांधावयाची, ह्याविषयी गांधीजींचा दंडक प्रसिद्ध आहे: सामान आसपासचे, कारागीर गावचे. माती, बांबू, बल्ल्या, कवेलू ह्यांची ती घरे मीराबेनच्या देखरेखीखाली उभी राहिली. तिने स्वतःसाठी बांधलेली झोपडीच पुढे बापूकुटी झाली. तिच्या भिंतीवर तिने ओल्या मातीत उठावदार काढलेली शिंदीची झाडे आजही पाहावयास मिळतात. १९३६ च्या पावसाळ्यानंतर तिला विषमज्वराने गाठले, गांधीजींना हिवतापाने. खेड्याचा हवापाण्याविषयीचा इशारा हा असा अंगावर आला.

घराच्या बाबतीत एक उपकथा सांगावीशी वाटते. लॉरी बेकर ह्या तरुण इंग्रज वास्तुशिल्पकाराची महायुद्धाच्या अखेरीच्या सुमारास मुंबईत गांधीजींशी गाठ पडली. खेड्यातले आदर्श घर पाच मैलांच्या आत मिळणाऱ्या सामानातून बांधले जावे, हे त्याने त्यांच्याकडून ऐकले. बेकर हिंदुस्थानातच राहिला, आधी कुमाऊँच्या डोंगरात व पुढे केरळात, आणि २००७ साली मृत्यू येईपर्यंत त्या एका सूत्रावर त्याने शेकडो घरे बांधली. सेवाग्रामच्या मातीच्या भिंतीची ती शाखा म्हणावयास हरकत नाही.

मॉरिस फ्रीडमन हा वॉर्साचा ज्यू अभियंता. म्हैसूर संस्थानातील सरकारी विद्युत कारखान्याचा तो प्रमुख होता. ते पद सोडून त्याने भगवी वस्त्रे घेतली व भारतानंद हे नाव धारण केले. विजेची यंत्रे बनविणाऱ्या ह्या माणसाने सेवाग्रामात काय बनविले? धनुष तकली. लहानशा धनुकलीच्या पट्ट्याने चाती फिरविण्याची ही युक्ती गावचा सुतार बांबूच्या तुकड्यातून करू शकत असे. चरखा ज्यास परवडत नाही त्यास ती परवडे. कौशल्याचे माप यंत्राच्या आकारावरून घेणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. औंध संस्थानात राजेसाहेबांनी प्रजेस स्वराज्य दिले, त्या १९३९ च्या घटनेमागेही अप्पासाहेब पंतांबरोबर ह्याच फ्रीडमनचे साह्य होते. उत्तरायुष्यात मुंबईस निसर्गदत्त महाराजांच्या मराठी संवादांचे इंग्रजी पुस्तक त्यानेच सिद्ध केले, हे आपल्यापैकी कित्येकांस ठाऊक असेल.

इटलीचा लान्झा देल वास्तो हा कवी १९३७ मध्ये वर्ध्यास आला. गांधीजींनी त्यास शांतिदास म्हटले. तो थोडेच महिने राहिला, पण जाताना वर्धा बरोबर घेऊन गेला. १९४८ मध्ये फ्रान्सात त्याने हातकताई, शेती आणि अंगमेहनत ह्यांवर चालणारी एक वसाहत काढली व तिला ‘आर्क’, म्हणजे महापुरातील नौका, असे नाव दिले. सेवा करावयास आला आणि शिकून गेला, असा हा प्रकार. जमाखर्च मांडला तर मला तो ह्या साऱ्या व्यवहारातला सर्वांत प्रामाणिक वाटतो.

मार्जोरी साइक्सची तऱ्हा निराळी. ती १९२८ साली मद्रासेस शाळेत शिकविण्यासाठी आली. पुढे काही वर्षे शांतिनिकेतनात राहून १९४९ मध्ये ती सेवाग्रामास, नयी तालीमचे शिक्षक तयार करावयास आली, तेव्हा ह्या देशात तिची वीस वर्षे भरली होती. नयी तालीमचा संसार आर्यनायकम् दांपत्याचा. आर्यनायकम् स्वतः सिंहलद्वीपाचे. मुलांनी कापूस पेरावा, वेचावा, कातावा, पाऊस मोजावा, स्वयंपाकघराचा हिशेब ठेवावा, संडासाचे खत करावे, आणि ह्या प्रत्येक कामातून गणित, भूगोल, शास्त्र शिकावे, असा तो क्रम. पर्यावरण नावाचा वेगळा विषय तेथे नव्हता, कारण शाळाच त्यात बुडालेली होती. साइक्सबाई तेथे सुमारे दहा वर्षे राहिल्या.

ह्या माणसांविषयी आदर बाळगूनही एक आक्षेप झाकून ठेवणे बरे नव्हे. परदेशी पाहुण्यास आपले खेडे फार लवकर सुंदर दिसू लागते. सारवलेले अंगण, बैलांच्या घुंगरांचा नाद, मातीची भिंत! ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत डॉ. आंबेडकरांनी खेड्याच्या ह्या गौरवावर कडाडून हल्ला चढविला. ज्यास त्या खेड्यात पाणवठ्यावर जाण्याची चोरी होती, त्याला मातीच्या भिंतीचे कौतुक कसे वाटावे? सिंदीच्या रस्त्यावरील बादलीने जे दाखविले तेच हे. निसर्गाशी सख्य जोडू पाहणाऱ्या प्रत्येक मंडळाने गावातील विहिरीवर कोण पाणी भरतो आणि कोण भरत नाही हे पहिल्या दिवशी पाहावे, झाडे मागाहून मोजावीत.

दुसरी गोष्ट अशी की मगनवाडीचा हिशेब बरोबर असूनही जिल्ह्याने तो चालविला नाही. कुमारप्पा पुढे वर्धा शहरही सोडून काही काळ सेलडोह ह्या खेड्यात शेती करीत राहिले. कापूस मात्र वाढत गेला, त्याबरोबर विकतचे बी, विकतचे खत आणि विकतचे विष. २००२ मध्ये बीटी कापसास सरकारी मान्यता मिळाली. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर १ जुलै २००६ रोजी पंतप्रधानांनी विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर केली, त्यांत वर्धा होता. ज्या जिल्ह्यात प्रवाहाच्या संपत्तीचे शास्त्र लिहिले गेले तेथेच हे घडले, ह्याचा विषाद वाटल्यावाचून राहात नाही. तथापि सूत्र तुटलेले नाही. मगन संग्रहालय आजही आहे. मगनवाडीत ग्रामीण औद्योगिकीकरणाची राष्ट्रीय संस्था आहे. देवेंद्रकुमार ह्यांनी दत्तपूर येथे काढलेल्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्रात मातीची घरे व गोबरगॅस ह्यांवर काम होत आले आहे. परदेशी पाहुणे अजूनही येतात.

मीराबेन १९४० नंतरच्या दशकात हिमालयाच्या पायथ्याशी गेली. तेथे १९५० नंतरच्या वर्षांत तिने जे पाहिले ते फार थोड्यांनी पाहिले होते. बांज नावाचा ओक वृक्ष ओसरत होता आणि चीड पसरत होता. बांजाच्या पाल्याचा थर स्पंजासारखा पाणी धरून ठेवतो व झरे जिवंत राखतो. चीडाच्या सुया तसे करीत नाहीत, पाणी वाहून जाते आणि खाली पूर येतात. लाकूड व राळ ह्यांच्या लोभाने जंगलखात्यास चीडच प्रिय, हे तिने स्पष्ट लिहिले. चिपको आंदोलनाच्या पुष्कळ आधीची ही गोष्ट. पंचवीस वर्षे ह्या देशाच्या खेड्यांत काढल्यावर तिला रान वाचता येऊ लागले होते. १९५९ च्या सुमारास ती युरोपास परतली व १९८२ मध्ये व्हिएन्नाजवळ वारली.

आता एका व्यावहारिक गोष्टीकडे वळतो. आजच्या नियमांप्रमाणे ई-पर्यटन व्हिसावर आलेल्या परदेशी माणसास विनामोबदला सेवाकार्य करता येते, पण फार तर एक महिना. ह्या महिन्यात त्याला काय देता येईल? बहुधा खताचा ढीग देतात. सर आल्बर्ट हॉवर्ड ह्या इंग्रज शास्त्रज्ञाने यशवंत वाड ह्यांच्या साह्याने बसविलेली ‘इंदूर पद्धत’ गांधीजींनी १९३५ मध्ये स्वतः जाऊन पाहिली होती. तीत काडीकचरा, शेण, मूत्राने भिजलेली माती आणि राख ह्यांचे थरावर थर रचतात व पाणी शिंपडतात. आत उष्णता वाढते, बुरशी कामास लागते. हवा खेळावी म्हणून ढीग खालीवर करावा लागतो: पहिल्यांदा सुमारे सोळा दिवसांनी, दुसऱ्यांदा महिन्याने आणि तिसऱ्यांदा दोन महिन्यांनी. खत तयार होते तिसऱ्या महिन्याच्या अखेरीस. म्हणजे दुसरी खालीवर झाली न झाली तोच पाहुण्याची परतीची गाडी असते. तिसरी गावातल्याच कोणाला तरी करावयाची आहे, आणि तो कोण, हे पाहुण्याने पहिला थर रचण्यापूर्वीच विचारून घ्यावे.